माफी : मागावयाची कोणी, द्यावयाची कोणी?



मराठी भाषेत 'माफी' हा शब्द दोन घरी नांदतो. हातून अपराध घडला की माणूस माफी मागतो. आणि पीक बुडाले की शेतकरी साऱ्याची माफी मागतो, कर्जाची माफी मागतो. पहिल्या घरात माफी मागणारा अपराधी असतो. दुसऱ्या घरात मागणाऱ्याचा अपराध कोणता, हे कोणी सांगत नाही. तरीही हात जोडून उभे राहण्याची पाळी त्याच्यावरच येते. गेल्या दोनशे वर्षांत खानदेशच्या शेतकऱ्याच्या वाट्याला ही दुसरी माफी अनेकदा आली. पहिली माफी ज्यांच्याकडून यावयास हवी होती, त्यांच्याकडून ती कधीच आली नाही. या दोहोंची गाठ रुपयाच्या इतिहासात कशी पडते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पैशाचा इतिहास हा अर्थशास्त्राचा विषय आणि क्षमायाचना हा नीतीचा, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः दोहोंचे मूळ फार जवळजवळ आहे. आपण कर्ज फेडतो, नवस फेडतो, पांग फेडतो आणि पापही फेडतो, क्रियापद एकच. जर्मन भाषेत कर्ज आणि अपराध या दोहोंना 'शुल्ड' हा एकच शब्द आहे. इंग्रजीतील 'पे' हे क्रियापद ज्या लॅटिन शब्दापासून आले त्याचा अर्थ 'शांत करणे, समजूत घालणे' असा होता. देणे चुकते करणे म्हणजे दुखावलेल्याशी सलोखा करणे, हा या शब्दाचा मूळ भाव.

खुद्द इंग्लंडचा सर्वांत जुना लिखित कायदा याची साक्ष देतो. केंटचा राजा एथेलबर्ट याने सातव्या शतकाच्या प्रारंभी केलेल्या कायद्यात कोणत्या इजेसाठी किती शिलिंग द्यावयाचे, याची लांबलचक यादी आहे. पुढचा दात पाडला तर सहा शिलिंग, बोट तोडले तर अमुक, जीव घेतला तर तमुक. तोंडाने दिलगिरी व्यक्त करण्यास त्या कायद्यात स्थान नव्हते. इजा झालेल्याच्या हातात शिलिंग पडले की भांडण मिटले. ही व्यवस्था न्याय्य होती असे नव्हे, कारण सरदाराच्या जिवाची किंमत सामान्य माणसाच्या जिवाहून कितीतरी अधिक होती. पण एक गोष्ट तिने निर्विवाद मानली होती : माफी फुकट नसते.

सुटी नाणी आणि मोठ्या नोटा

याच इंग्लंडात आज 'सॉरी' या शब्दाइतके स्वस्त नाणे दुसरे नाही. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक केट फॉक्स यांनी इंग्रजांच्या स्वभावावर २००४ साली पुस्तक लिहिले. त्यासाठी त्यांनी रस्त्यात माणसांना मुद्दाम धक्के देऊन पाहिले, तेव्हा धक्का खाणाऱ्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के लोकांनी आपणहून 'सॉरी' म्हटले. धक्का देणारी बाई गप्प आणि खाणारा दिलगीर! या सवयीची थट्टा इंग्रज स्वतःच करतात, आणि तीत काही वाईटही नाही. दाटीवाटीच्या बेटावर राहणाऱ्या लोकांनी परस्परांना सांभाळून घेण्यासाठी पाडलेली ती सुटी नाणी आहेत.

प्रश्न मोठ्या नोटांचा आहे. व्यक्तीला लागलेल्या धक्क्यासाठी दिवसातून वीस वेळा निघणारा शब्द राष्ट्राला लागलेल्या धक्क्यासाठी का निघत नाही? जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी जे घडले त्यात सरकारी आकड्यानुसारच ३७९ माणसे मेली. त्यानंतर १९२० साली इंग्लंडातील एका वृत्तपत्राने जनरल डायरसाठी निधी उभारला, त्यात सव्वीस हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. बरोबर शंभर वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये, पंतप्रधान थेरेसा मे यांनी पार्लमेंटात या घटनेबद्दल 'रिग्रेट' म्हणजे खेद व्यक्त केला. 'अपॉलॉजी' म्हणजे माफी मात्र मागितली नाही. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. त्याच्या आदल्याच दिवशी परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री मार्क फील्ड यांनी, माफी मागितल्यास तिचे आर्थिक परिणाम होऊ शकतात, अशी अडचण सांगितली होती. इतका प्रामाणिक खुलासा साम्राज्याच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. खेद फुकट आहे, माफीला किंमत आहे, म्हणून खेद.

केनियात माऊमाऊ उठावाच्या काळात छळ झालेल्या ५,२२८ वृद्धांना २०१३ साली ब्रिटनने सुमारे दोन कोटी पौंड देऊ केले, तेही ते न्यायालयात गेले म्हणून. त्या वेळीही परराष्ट्रमंत्र्यांनी खेदच व्यक्त केला आणि कायदेशीर जबाबदारी नाकारली. इंग्लंडच्या २००६ सालच्या नुकसानभरपाई कायद्यातही असे कलम आहे की, केवळ माफी मागितल्याने हयगयीची कबुली दिली असे होत नाही. एथेलबर्टच्या कायद्यात पैसा होता आणि शब्द नव्हता. आता शब्द आहे, पण त्यामागचा पैसा कायद्यानेच काढून घेतला आहे.

ब्रिटनला भरपाई देता येत नाही, असे मात्र कोणी समजू नये. १८३३ साली साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करताना पार्लमेंटने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती गुलामांना नव्हे, गुलामांच्या मालकांना. या खर्चाशी निगडित कर्जाचा अखेरचा हप्ता २०१५ साली फिटला. म्हणजे हिशेब ठेवता येतो, पावणेदोनशे वर्षे फेडताही येतो. प्रश्न इतकाच, की खातेवहीत कोणाचे नाव चढते.

थाळनेर आणि 'राखून ठेवलेले मत'

खानदेशात इंग्रजी राज्याची सुरुवातच अशा एका न मागितलेल्या माफीने झाली. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशातील आपला मुलूख कंपनीला दिला. २७ फेब्रुवारीला सर टॉमस हिस्लॉप तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यापुढे आला. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. आत दरवाजापाशी गोंधळ उडाला, त्यात इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यावर शिबंदीची कत्तल झाली आणि आधीच स्वाधीन झालेल्या किल्लेदारालाही फाशी देण्यात आले. पुढील वर्षी पार्लमेंटने या युद्धाबद्दल सैन्याचे आभार मानले, तेव्हा थाळनेरच्या किल्लेदाराच्या फाशीवर आपण कोणतेही मत देत नाही, अशी पुस्ती जोडली. निषेध नाही, समर्थन नाही, भरपाई तर नाहीच. मत फक्त राखून ठेवले. २०१९ च्या खेदाचा हा पूर्वज शिरपूर तालुक्यातला आहे, हे धुळे-जळगावच्या कार्यकर्त्यांना ठाऊक असावे.

इंग्रजांत विवेकी माणसे नव्हती, असा याचा अर्थ नाही. खानदेशचा पहिला इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज, ज्याने धुळ्याची नवी पेठ आखली, त्यानेच १८३० साली लंडनमध्ये हिंदुस्थानातील जमीनमहसुलावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सरकार हेच जमिनीचे मालक, हा कंपनीचा दावा या देशाच्या परंपरेला धरून नाही आणि आकारला जाणारा सारा अतिरेकी आहे, असे त्याने साधार मांडले. व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी जागी होती. सारा मात्र चालूच राहिला.

रुपया एक झाला, बोजा कोणावर?

पेशवाईतही सारा मोठ्या प्रमाणावर रोखीनेच भरला जाई, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्या काळी चांदवडी, अंकुशी, निजामाच्या हद्दीकडचा हाली शिक्का असे नाना रुपये चालत आणि प्रत्येक बदलीत सराफ बट्टा कापून घेई. १८३५ साली कंपनीने साऱ्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे एक तोळ्याचा, एकच रुपया ठरवला. त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. व्यापाराच्या दृष्टीने ही सुधारणाच होती. पण नाणे एक झाले त्याबरोबर साराही ताठर झाला. १८१८ नंतरच्या दशकांत दख्खनमध्ये धान्याचे भाव उतरले. भाव उतरला की तेवढ्याच रुपयांसाठी अधिक धान्य विकावे लागते. सारा रुपयांत स्थिर आणि धान्य बाजारात घसरते, अशा कात्रीत कुणबी सापडला.

या कात्रीविरुद्ध खानदेश गप्प बसला नाही. १८५२ च्या अखेरीस नव्या मोजणीविरुद्ध यावल, सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत हजारो शेतकरी एकत्र आले. मोजणी झाली की सारा वाढणार, हे त्यांनी ओळखले होते. सरकारने सैन्य आणले, पुढाऱ्यांना पकडले आणि मोजणी पुरी केली. १८५७ च्या आधी पाच वर्षे ही घटना घडली. पण शालेय पुस्तकांत तिला जागा मिळाली नाही.

पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. खानदेशच्या काळ्या जमिनीकडे एकाएकी जगाचे लक्ष गेले. रेल्वे नुकतीच आली होती; जळगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ बनली. युद्ध संपले आणि भाव कोसळले. १८८० च्या सरकारी गॅझेटियरनेही नोंदवले आहे की, या अचानक घसरणीचा जळगावला मोठा फटका बसला. तेजीचा नफा बहुतेक मुंबईच्या आणि गावोगावच्या व्यापाऱ्यांनी नेला, हे लपवण्याचे कारण नाही. मँचेस्टर आणि मारवाडपेठ यांच्यामध्ये शेतकरी उभा होता, आणि मंदीचा वाटा दोघांनीही त्याच्याकडेच सरकवला.

तोळाभर चांदी

खरा मोठा आघात मात्र कोणाच्या लक्षातही न येता झाला. १८७० च्या सुमारास रुपयाची किंमत दोन शिलिंगांच्या आसपास होती. जगातील प्रमुख राष्ट्रे एकामागून एक सुवर्णचलनाकडे वळली, चांदीचा भाव उतरत गेला, आणि १८९२-९३ पर्यंत रुपया सव्वा शिलिंगावर आला. भारत सरकारला दरवर्षी दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम लंडनला पाठवावी लागे : व्याज, पेन्शनी, इंडिया ऑफिसचा खर्च. दादाभाई नौरोजींनी ज्याला संपत्तीचा निचरा म्हटले, त्याचाच हा सरकारी प्रवाह. रुपया उतरला की तेवढेच पौंड जमवण्यास अधिक रुपये लागत. उपाय म्हणून सरकारने २६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. तोपर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन, थोडा आकार भरून, तिचे रुपये पाडून घेऊ शके. घरातील तोडे, वाळे, गोठ, कमरपट्टे म्हणजे तोळ्याला जवळजवळ रुपया. शेतकऱ्याची आणि भिल्ल-पावऱ्यांचीही तीच बँक. टांकसाळी बंद झाल्यावर रुपया कृत्रिम टंचाईने वर चढवला गेला आणि १८९८ पर्यंत एक शिलिंग चार पेन्सांवर टेकला. चांदी मात्र उतरतच राहिली. १८९२ ते १८९९ या सात वर्षांत लंडनला चांदीचा भाव सुमारे तीस टक्क्यांनी पडला. १८९९ च्या भावाने, एका रुपयात जितकी चांदी असे तितक्या चांदीची किंमत दहा आण्यांच्या घरात आली होती. आणि त्याच १८९९-१९०० साली खानदेशावर भीषण दुष्काळ कोसळला. बायकांच्या अंगावरची चांदी बाजारात आली, तेव्हा सोळा आण्यांच्या पुंजीचे दहा आणे झालेले होते. सारा मात्र सोळा आण्यांच्या रुपयातच भरावयाचा होता. कायद्याच्या एका कलमाने लाखो घरांची बचत कापली गेली आणि कापणाऱ्याच्या हातात शस्त्र दिसले नाही. या कृत्याबद्दल खेददेखील व्यक्त झालेला नाही. कारण अपराध घडला हेच बहुतेकांना उमगलेले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. या विषयाकडे भावनेने नव्हे तर हिशेबाने कसे पाहावे, याचा तो आजही वस्तुपाठ आहे. केन्ससारख्या पंडिताने वाखाणलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर त्यांनी कठोर टीका केली. रुपये किती पाडावयाचे हे सरकारच्या मर्जीवर सोडण्यातला धोका दाखवला. त्याबरोबरच, रुपया उतरला म्हणजे सर्वांचाच लाभ होतो असे नव्हे. किमती वाढतात तशी मजुरी वाढत नाही, म्हणून मालकाचा फायदा मजुराच्या पदरातून येतो, हेही त्यांनी बजावले. परकीय सरकारवर टीका करताना स्वदेशी मालकवर्गाचे वकीलपत्र न घेणे, ही शिस्त त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे.

अठरा आणे, सोळा आणे

१९२७ साली सरकारने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स ठरवला. पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी हिल्टन यंग आयोगात भिन्नमत नोंदवून एक शिलिंग चार पेन्सांचा आग्रह धरला होता. दोन पेन्सांवरून एवढा वाद कशाला, असे कोणास वाटेल. पण हिशेब पाहा. लिव्हरपूलला अठरा पेन्सांना विकल्या जाणाऱ्या कापसाचे, जुन्या दराने अठरा आणे येत. नव्या दराने सोळा आणे. सारा तेवढाच, सावकाराचे व्याज तेवढेच. उत्पन्न मात्र नवव्या हिश्श्याने कमी. आयात माल स्वस्त झाला, लंडनला पैसे पाठवणे स्वस्त झाले. त्याची किंमत निर्यात पिकवणाऱ्याने भरली.

दोन वर्षांत जागतिक मंदी आली आणि कापसाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णचलन सोडले, पण रुपयाला अठरा पेन्सांच्याच दराने पौंडाशी बांधून ठेवले. सोन्याचा भाव चढला, शेतमालाचा पडलेलाच राहिला. परिणाम एकच होऊ शकत होता. पुढील काही वर्षांत तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. सरकारी भाषेत ही नफ्याची विक्री होती. खेड्यात ती मंगळसूत्राची विक्री होती. जळगावची सराफपेठ आज 'सुवर्णनगरी' म्हणून मिरवते. खानदेशच्या माणसाला सोन्याची एवढी ओढ का, याचे उत्तर हौसेत शोधण्यापूर्वी इतिहासात शोधावे. ज्या राज्यकर्त्यांनी दोनदा नाण्याचा शब्द बदलला, त्यांच्या नाण्यावर विश्वास टाकण्यापेक्षा लोकांनी धातूवर विश्वास टाकला.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला, यावल तालुक्यातल्या खेड्यात, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. तेथील शेतीविषयक ठरावात सारा आणि खंड कमी करावा, न परवडणाऱ्या तुकड्यांना त्यातून मुक्त करावे, कर्जाचा बोजा हलका करावा, अशा मागण्या आल्या. मंदीने पिळलेल्या शेतकऱ्याचेच ते गाऱ्हाणे होते. १९३८ साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके गेली, तेव्हा साने गुरुजींनी शेतकऱ्यांना संघटित करून साऱ्याच्या माफीसाठी मोर्चे काढले. त्या वेळी मुंबई प्रांतात काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते, हे लक्षात घेतले म्हणजे गुरुजींच्या कृतीचे मोल कळते. आपले सरकार आहे म्हणून शेतकऱ्याने गप्प बसावे, असे त्यांनी मानले नाही.

लिहून ठेवलेले एकमेव येणे

साम्राज्याचे एक देणे मात्र लिखित स्वरूपात मान्य झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतातून माल आणि सेवा घेतल्या; त्याबदल्यात लंडनच्या वहीत रिझर्व्ह बँकेच्या नावे पौंड जमा केले आणि इथे त्या आधारावर नोटा छापल्या. नोटांबरोबर महागाई आली; १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ सातारच्या आणि खानदेशच्या क्रांतिकारकांनी लुटला, त्या काळाचा हा आर्थिक संदर्भ आहे. हा पैसा आपलाच आहे, अशी त्यांची धारणा होती. पौंडांची वही पाहिली तर ती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

युद्ध संपले तेव्हा या पौंडपावन्याचा आकडा सतराशे कोटी रुपयांच्या घरात होता. आम्ही तुमचे रक्षण केले, म्हणून आमचाच तुमच्यावर दावा निघतो, असा युक्तिवाद चर्चिल यांच्याकडून होत होता. ब्रेटन वुड्स परिषदेत १९४४ साली भारतीय प्रतिनिधींनी हा प्रश्न आंतरराष्ट्रीय करण्याचा प्रयत्न केला, तो मान्य झाला नाही. ऑगस्ट १९४७ च्या करारात शिल्लक ११६ कोटी पौंड धरण्यात आली. १९४८ साली त्याच शिलकेतून निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनींची तरतूद आणि इथे सोडलेल्या युद्धसामग्रीची किंमत वळती झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि उरलेल्या रकमेची डॉलरमधील किंमत तीस टक्क्यांनी घटली. तरीही हे येणे आपल्याला मिळाले, पंचवार्षिक योजनेच्या कामी आले. का मिळाले? ब्रिटनचे मन द्रवले म्हणून नव्हे. ते लिहून ठेवलेले होते, आणि मागणाऱ्याच्या पाठीशी स्वतंत्र राष्ट्र उभे होते म्हणून. १८९३ ची चांदी आणि १९२७ चे दोन आणे कोणीच लिहून ठेवले नव्हते.

घरचा आरसा

डॉ. शशी थरूर यांनी २०१५ साली ऑक्सफर्डच्या सभेत, ब्रिटनने दोनशे वर्षे दरवर्षी एक पौंड द्यावा, असे सुचवले. त्यातला भाव असा, की रकमेपेक्षा कबुली महत्त्वाची. टाळ्या पडल्या, आणि त्या रास्त होत्या. पण केवळ प्रतीकावर थांबणे धोक्याचे आहे, कारण दिल्लीच्या राज्यकर्त्यांनाही प्रतीके फार आवडतात. लंडनकडून माफीची मागणी करणे त्यांना काहीच खर्चाचे नाही. जो निकष आपण लंडनला लावतो तोच मुंबई-दिल्लीला लावला, तर मात्र सभागृहात शांतता पसरते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात कर स्थगित केला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. गिरणीमालकांची अडचण खरी असेल. पण नवा कापूस घरात येण्याच्या हंगामात हा निर्णय झाला, आणि १९२७ सालच्या दोन आण्यांशी त्याचे साम्य लपत नाही. तेव्हाही जे गेले ते नवव्या हिश्श्याच्या घरातले होते; तेव्हाही ते कायद्याच्या एका ओळीने गेले; तेव्हाही कोणी माफी मागितली नाही. उलट, भाव पडला, कर्ज थकले, की त्याच शेतकऱ्याने सरकारच्या दारी कर्जमाफीचा अर्ज घेऊन उभे राहावयाचे. २००८ साली केंद्राने, २०१७ आणि २०१९ साली राज्याने योजना काढल्या. शेतकरी संघटनेचे शरद जोशी 'कर्जमाफी' हा शब्दच नाकारीत आणि 'कर्जमुक्ती' म्हणत. त्यांचे खुल्या बाजाराचे अर्थकारण समाजवाद्यांना मान्य होणारे नाही; पण या एका शब्दाबाबत ते बरोबर होते. ज्याने गुन्हा केला नाही त्याला माफी कसली? २०१९ च्या राज्य योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' हा शब्द आला, ही त्या आग्रहाचीच पावती होय. मात्र नाव बदलले तरी भाव पाडणारी व्यवस्था बदलली नाही.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या सातपुड्यात आहे. इंग्रजांनी १८७८ च्या जंगल कायद्याने भिल्ल, पावरा यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीला अतिक्रमण ठरवले आणि स्वतंत्र भारताने ते बऱ्याच अंशी तसेच चालवले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत, वनवासी समूहांवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली संसदेने दिली. नुसता खेद नव्हे. त्या कबुलीसोबत जमिनीचा पट्टा देण्याची तरतूदही केली. एथेलबर्टच्या अर्थाने ही खरी माफी आहे : शब्दही आहे आणि शिलिंगही. पण चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवर कागदाअभावी फेटाळलेले दावे पाहिले की कळते, माफीच्या हुंडीवर सही झाली तरी ती वटवून घेण्यासाठी चळवळच लागते. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि देशभर असंतोष उसळल्यावर त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला स्थगिती मिळाली, हा इतिहास जुना नाही.

या सगळ्यातून खऱ्या माफीच्या तीन कसोट्या निघतात. अन्यायाला त्याच्या नावाने संबोधले आहे काय? ज्याचे गेले त्याचे नाव खातेवहीत चढले आहे काय? आणि ज्या व्यवस्थेने अन्याय केला ती बदलली आहे काय? ब्रिटनचा खेद पहिल्या कसोटीशीच अडखळतो. आपली कर्जमाफी दुसरीपर्यंत पोचते आणि तिसरीपाशी नापास होते. वनहक्क कायदा कागदावर तिन्हींत उत्तीर्ण होतो. जमिनीवर अजून परीक्षा बाकी आहे.

कार्यकर्त्यांपुढचे काम यातून आपोआप स्पष्ट होते. पीक बुडाल्यावर निवेदन लिहितानाच हिशेब मांडण्याची सवय लागली पाहिजे : कोणत्या तारखेच्या कोणत्या निर्णयाने, कोणत्या पिकाचा, क्विंटलमागे किती भाव गेला. आणेवारीची पैसेवारी झाली, आणे १९५७ सालीच चलनातून गेले. पण पन्नास पैशांच्या रेषेच्या वर गाव दाखवले की मदत टळते, हे तलाठ्यालाही ठाऊक असते. म्हणून गावच्या पीकपाहणीला उभे राहणे, आकडे ग्रामसभेत वाचून घेणे, फेटाळलेल्या वनदाव्यांची पाडावार यादी ठेवणे, ही कामे भाषणांपेक्षा मोलाची आहेत. ज्यांची येणी लिहिलेली नसतात त्यांच्या वाट्याला इतिहासात खेद येतो. ज्यांची लिहिलेली असतात, आणि जे ती संघटितपणे मागतात, त्यांनाच काही परत मिळते.